नागरिकत्वाचें ओझें

बँकेंत नवें खातें उघडतांना किंवा म्युच्युअल फंडांत पैसे गुंतवितांना सह्यांसाठीं जे कागद पुढें येतात, त्यांत हल्लीं एक कागद असा असतो कीं, त्याकडे आमच्या वाचकांपैकीं फारच थोडे लोक लक्ष देत असतील. आपला जन्म कोणत्या देशांत झाला, भारताखेरीज दुसऱ्या कोणत्या देशाला आपण रहिवासी म्हणून कर देणें लागतां काय, अशा आशयाचे दोनचार प्रश्न त्यांत असतात. ‘नाहीं’ या शब्दापुढें खूण करून आपण पान उलटतों. सदाशिव पेठेंतल्या पेन्शनर गृहस्थास दुसऱ्या देशाच्या तिजोरीशीं काय कर्तव्य? परंतु हे प्रश्न आमच्या बँकांच्या डोक्यांतून निघालेले नाहींत. अमेरिकेच्या काँग्रेसनें २०१० मध्यें ‘फॅटका’ या नांवानें ओळखला जाणारा कायदा केला, त्याच्या अंमलासाठीं भारत सरकारनें ९ जुलै २०१५ रोजीं अमेरिकेशीं करार केला, आणि त्या दोहोंच्या पोटीं या कागदाचा जन्म झाला. नंतर इतर अनेक देशांशींही अशा माहितीची देवघेव सुरू झाली. पण आरंभ अमेरिकेचा.

अमेरिकेस जगांतल्या सर्व बँकांत डोकावून पाहण्याची गरज कां पडली, हें समजण्यासाठीं तिचा एक जुना नियम समजून घेतला पाहिजे. बहुतेक सर्व देशांत प्राप्तिकराची रीति अशी आहे कीं, जो जेथें राहतो त्यानें तेथें कर द्यावा, आणि दुसऱ्या देशांत त्याची कांहीं मिळकत असेल तर तेवढ्यापुरता त्या देशालाही द्यावा. भारताचा नियमही याच जातीचा आहे. पुण्याचा इंजिनियर सिंगापूरला जाऊन स्थायिक झाला तर तेथील पगारावर भारत सरकार सामान्यतः कर मागत नाहीं. त्याच्या खिशांत भारताचा पासपोर्ट असला तरी नाहीं. अमेरिका मात्र माणूस राहतो कोठें हें न पाहतां तो नागरिक कोणाचा हें पाहते. अमेरिकन नागरिक टोकियोंत राहो कीं नागपुरांत राहो, जगांत कोठेंही मिळविलेल्या प्राप्तीचा हिशेब त्यानें दरसाल अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्यास दिला पाहिजे. या बाबतींत अमेरिकेला जोडीदार दाखवावयाचा तर आफ्रिकेंतील एरिट्रिया या लहानशा देशाकडे बोट करावें लागतें. तो आपल्या परदेशस्थ लोकांकडून प्राप्तीवर शेंकडा २ वसूल करतो. राजानें जळू, वासरूं आणि भुंगा यांच्याप्रमाणें थोडें थोडें घ्यावें, असें मनुस्मृतींत सांगितलें आहे. पण तो भुंगा आपल्याच रानांतल्या फुलांवर बसेल, हें स्मृतिकारांनीं बहुधा गृहीतच धरलें असावें!

हा नियम यादवी युद्धाच्या धामधुमींत जन्मास आला. युद्धाच्या खर्चासाठीं १८६१ सालीं अमेरिकेंत पहिला प्राप्तिकर बसला. सामान्य दर शेंकडा ३ होता. परंतु परदेशीं राहणाऱ्या नागरिकांच्या अमेरिकेंतील मिळकतीवर तो शेंकडा ५ ठेवण्यांत आला. देश संकटांत असतां जे युरोपांत सुखानें राहतात, त्यांनीं निदान पैसा तरी अधिक द्यावा, ही भावना त्यामागें असल्यास नवल नाहीं. १८६४ मध्यें परदेशस्थ नागरिकांची सर्व जगांतील प्राप्ति कराच्या कक्षेंत आली. तो कर १८७२ मध्यें संपला. परंतु १९१३ मध्यें प्राप्तिकर पुन्हा आला तेव्हां परदेशस्थ नागरिकाकडून कर घेण्याचें जुनें तत्त्वही त्याच्याबरोबर परत आलें.

मेक्सिको शहरांत कायमचा राहणारा कुक नांवाचा एक अमेरिकन त्या तत्त्वाविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. मागणी ११९३ डॉलरची होती. माझें घर मेक्सिकोंत, मालमत्ता मेक्सिकोंत, प्राप्ति मेक्सिकोंतली. मग तुमचा संबंध काय, असा त्याचा प्रश्न. १९२४ मध्यें न्यायालयानें उत्तर दिलें कीं, नागरिक व त्याची मालमत्ता कोठेंही असो, सरकार आपल्या स्वभावानेंच त्यांचें हित साधतें, आणि म्हणून कर घेण्याचा त्यास अधिकार आहे. हें उत्तर आम्हांस कधींच पटलेलें नाहीं. संरक्षणाचें मोल सर्वच सरकारें घेतात, पण घराच्या दारापुढील रस्ता जें सरकार बांधतें, चोर आला असतां ज्याचा शिपाई धांवून येतो, त्याचा हक्क पहिला. दूरच्या सरकारनें अडचणीच्या वेळीं पासपोर्टाची लाज राखली तर तिचें मोल पासपोर्टाच्या शुल्कांत घ्यावें, दरमहाच्या पगारांत घेऊं नये.

विशेष हें कीं, नागरिकत्व सोडण्याचा हक्क जगाला ज्या देशानें ठणकावून सांगितला, तोही हाच. इंग्लंडच्या जुन्या कायद्याप्रमाणें जो प्रजाजन म्हणून जन्मला तो मरेपर्यंत प्रजाजन. अमेरिकन झालेल्या खलाशांनासुद्धां आपलेच समजून इंग्रज आरमार जहाजांवरून ओढून नेत असे, आणि १८१२ च्या युद्धाचें तें एक कारण होतें. पुढें १८६८ च्या जुलईंत अमेरिकेनें कायदा करून जाहीर केलें कीं, आपलें जुनें राष्ट्रीयत्व टाकणें हा सर्व मनुष्यांचा नैसर्गिक व उपजत हक्क आहे. तो कायदा परदेशांतून अमेरिकेंत येणारांसाठीं होता. तोच दरवाजा बाहेर जाणारांनाही उपयोगी पडेल, याचा विचार तेव्हां कोणाच्या मनांत आला असेल असें वाटत नाहीं.

आतां बाहेर जाणारांची संख्या पाहूं. नागरिकत्व सोडणारांचीं नांवें अमेरिकन सरकार १९९६ च्या कायद्यानुसार दर तीन महिन्यांनीं आपल्या गॅझेटांत छापतें. २००८ सालच्या यादींत २३१ नांवें होतीं. २०१० मध्यें १,५३४ झालीं, २०१३ मध्यें २,९९९, २०१६ मध्यें ५,४११, आणि २०२० मध्यें ६,७०५. बत्तीस-तेहतीस कोटींच्या राष्ट्रांत हे आंकडे क्षुल्लक आहेत. पण बारा वर्षांत जवळजवळ तिसांपट वाढ ही क्षुल्लक नव्हे. वर्तमानपत्रांत याचें जें स्पष्टीकरण वारंवार येतें तें असें कीं, सरकारनें कर वाढविले आणि श्रीमंत लोक पळाले. ऐकावयास तें सरळ वाटतें. पण दर पाहिले तर त्याचा मेळ बसत नाहीं. अमेरिकेंत प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर १९४४ मध्यें शेंकडा ९४ होता. २०१२ पर्यंत तो ३५ होता, २०१३ मध्यें ३९.६ झाला, २०१८ पासून ३७ वर आला. एवढ्याशा चढउतारानें दोनशेंचे सहा हजार होत नसतात. शिवाय परदेशीं नोकरी करणाऱ्या अमेरिकनाच्या कमाईचा बराच मोठा भाग करमुक्त आहे; २०२४ सालाकरितां ही मर्यादा १,२६,५०० डॉलरची होती. राहत्या देशांत भरलेला कर वजा मिळतो तो वेगळाच. पॅरिसमधील अमेरिकन शिक्षक सर्व हिशेब करून पाहील तर अमेरिकेस देण्याची रक्कम बहुधा शून्य निघेल.

मग तो शिक्षक वकिलातींत जाऊन शपथ कां घेतो? आमच्या समजुतीप्रमाणें त्याला कर छळीत नाहीं, हिशेब छळतो. शून्य रक्कम सिद्ध करण्यासाठीं त्याला दरसाल दोन देशांचे कायदे जाणणारा हिशेबनीस गांठावा लागतो. शिवाय १९७० च्या एका कायद्याप्रमाणें, परदेशांतील सर्व खात्यांतील शिल्लक मिळून वर्षांत एकदां जरी १०,००० डॉलरांवर गेली तरी प्रत्येक खात्याची माहिती निराळ्या पत्रकांत कळवावी लागते. वर्षांमागून वर्षें लोटलीं, डॉलरची किंमत कोठल्या कोठें गेली, पण दहा हजारांचा आंकडा जागचा हलला नाहीं. खातें स्वतःचें असलेंच पाहिजे असेंही नाहीं. म्हाताऱ्या आईच्या खात्यावर सही करण्याचा अधिकार असला तरी तें पत्रकांत आलें. आणि ‘परदेशांतील खातें’ म्हणजे काय? जो ज्या शहरांत राहतो तेथल्याच, कोपऱ्यावरच्या बँकेंतलें!

चूक झाली तर काय होतें, तें बिटनर यांच्या खटल्यांत दिसलें. रुमानियांत जन्मलेला हा गृहस्थ अमेरिकेंत गेला, नागरिक झाला, आणि साम्यवादी सत्ता कोसळल्यावर मायदेशीं परतून व्यापारांत धनाढ्य झाला. पत्रकें भरावयाचीं असतात हें त्यास फार उशिरां कळलें. पांच वर्षांचीं पत्रकें उशिरां आलीं. त्यांत एकूण २७२ खात्यांच्या नोंदी होत्या. सरकारनें प्रत्येक नोंदीस १०,००० डॉलर, असा २७,२०,००० डॉलर दंड मागितला; आणि हा दंड चूक बुद्धिपुरस्सर केली नाहीं असें धरून! २०२३ मध्यें सुप्रीम कोर्टानें पांच विरुद्ध चार मतांनीं निर्णय दिला कीं, दंड खात्यागणिक नसून पत्रकागणिक आहे. म्हणजे ५०,००० डॉलर. एका न्यायाधीशाचें मत इकडचें तिकडे झालें असतें तर सव्वीस लाखांहून अधिक डॉलरांचा फरक पडला असता. कायद्याचा अर्थ सर्वोच्च न्यायाधीशांतच असा निम्मानिम वाटला जातो, तेथें सामान्य माणसानें रात्रीं निर्धास्त झोंपावें तें कशाच्या बळावर?

फॅटकानें यावर कळस चढविला. आपल्याकडील अमेरिकन खातेदारांची माहिती जी परदेशी बँक देणार नाहीं, तिच्या अमेरिकेंतून येणाऱ्या रकमांतून शेंकडा ३० कापून घेण्याची धमकी त्यांत आहे. युरोपांतील कित्येक बँकांनीं सोपा मार्ग धरला: अमेरिकन गिऱ्हाईकच नको. जन्मानें अमेरिकन पण पाळण्यांत असतांनाच आईबापांबरोबर युरोपांत परतलेल्या माणसांना, ज्यांनीं अमेरिकेचा पासपोर्ट कधीं पाहिलाही नव्हता त्यांना, चाळिशींत एके दिवशीं बँकेचें पत्र आलें, आणि आपण अमेरिकेचे करदाते आहों हा शोध लागला. त्यांना ‘अपघाती अमेरिकन’ असें नांवच पडलें आहे.

या वर्गांतील सर्वांत प्रसिद्ध पुरुष म्हणजे इंग्लंडचे एके काळचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन. त्यांचा जन्म १९६४ मध्यें न्यूयॉर्क येथें झाला. पांचव्या वर्षींच अमेरिका सुटली. पुढें लंडनमधील राहतें घर त्यांनीं विकलें. राहत्या घराच्या नफ्यावर इंग्लंडांत कर नाहीं. अमेरिकेंत ठराविक मर्यादेवर आहे. लंडनचे महापौर असतांना अमेरिकेनें हा कर मागितला तेव्हां त्यांनीं २०१४ मध्यें जाहीरपणें त्रागा केला. नंतर मुकाट्यानें कर भरला, आणि २०१६ सालच्या त्यागकर्त्यांच्या यादींत त्यांचें नांव झळकलें. राजकारणांत त्यांच्याविषयीं आमचें मत कांहींही असो, या प्रकरणीं त्यांचा त्रागा अवाजवी होता असें आम्ही म्हणणार नाहीं.

सर्वच त्यागकर्ते असे निरपराध नाहींत, हेंही सांगितलें पाहिजे. फेसबुकच्या संस्थापकांपैकीं एदुआर्दो सावेरिन यांनीं २०११ च्या सप्टेंबरांत नागरिकत्व सोडलें, आणि २०१२ च्या मे महिन्यांत कंपनीचे भाग बाजारांत आले. ते राहात सिंगापुरांत, जेथें भांडवली नफ्यावर कर नाहीं. कर वांचविण्याचा हेतु नव्हता असें त्यांनीं सांगितलें. ज्याला विश्वास ठेवावयाचा त्यानें ठेवावा. ज्या देशाच्या विद्यापीठांत शिकून, ज्याच्या बाजारांत संपत्ति उभी केली, त्यास पीक कापणीस येतांच रामराम ठोकणें आम्हांस शोभादायक वाटत नाहीं. परंतु अशांसाठीं अमेरिकेजवळ २००८ पासून योग्य हत्यार आहे. वीस लाख डॉलरांवर मालमत्ता असणारा नागरिकत्व सोडूं लागला कीं आदल्या दिवशीं त्यानें सर्व कांहीं विकलें असें मानून, एका मर्यादेवरील नफ्याचा कर वसूल होतो. हा निरोपाचा कर आम्हांस न्याय्य वाटतो. जें ज्या घरांत मिळविलें त्याचा हिशेब उंबरठ्यावर चुकता करून जावें. पण मग उरलेल्या गरीब त्यागकर्त्यांकडून शपथेचें शुल्क कसलें? २०१० पूर्वी त्यागास शुल्कच नव्हतें; तें ४५० डॉलर झालें, आणि २०१४ मध्यें २,३५० डॉलर. पुढें २०२३ मध्यें तें पुन्हा ४५० वर आणण्याचा मानस सरकारनें जाहीर केला. जो हक्क उपजत व नैसर्गिक, त्याच्या दारावर इतकें महाग तिकीट!

फ्रान्सचें उदाहरण याच्या उलट आहे, म्हणून बोधप्रद आहे. तेथें २०१२ मध्यें दहा लाख युरोंवरील प्राप्तीवर शेंकडा ७५ कर बसविण्याचें ठरलें तेव्हां नट जेरार दपार्द्यू बेल्जममध्यें राहावयास गेला, पासपोर्ट परत करतों म्हणून गरजला, आणि २०१३ च्या आरंभीं रशियाचें नागरिकत्व घेऊन आला. पण फ्रान्सचा कर वास्तव्यावर असल्यामुळें बिऱ्हाड हालविलें कीं काम झालें; पासपोर्टाचा प्रश्न येतच नव्हता, आणि फ्रेंच नागरिकत्व त्यानें सोडलेंही नाहीं. कराचा दर चढला कीं माणूस घर बदलतो. नागरिकत्व बदलण्याची पाळी त्याजवर येते ती सरकारनें कराची गांठ थेट नागरिकत्वाला मारली तर.

आपल्याकडील आंकड्यांचा अर्थही याच कसोटीवर लावावा. २०११ मध्यें १,२२,८१९ भारतीयांनीं नागरिकत्व सोडलें, २०२२ मध्यें २,२५,६२० नीं. हे सर्व करांना कंटाळून गेले, असें विधान आम्हीं अनेकदां ऐकलें आहे. परदेशीं स्थायिक झालेल्या भारतीयाचा भारतांतील कर नागरिकत्व सोडल्यानें सामान्यतः एक रुपयानेंही कमी होत नाहीं. त्याला हवा असतो तो दुसरा पासपोर्ट, नोकरींतील स्थैर्य, मतदानाचा हक्क. आणि आपला कायदा दोन नागरिकत्वें एकत्र नांदूं देत नसल्यामुळें पहिलें सुटतें. मात्र एक गोष्ट नजरेआड करूं नये. २०२० पासून, ज्या भारतीय नागरिकाची परदेशी प्राप्ति वगळून प्राप्ति १५ लाखांवर आहे व जो कोणत्याच देशांत रहिवासी म्हणून करास पात्र नाहीं, त्यास भारताचाच रहिवासी मानण्यांत येतें. त्यायोगें परदेशांतील कमाईवर सरसकट कर बसत नाहीं, आणि हेतुही वाजवी आहे. परंतु कर आणि नागरिकत्व यांच्यांत सुताचा कां होईना, एक धागा बांधला गेला आहे. सुताचे दोरखंड कसे होतात, तें अमेरिकेंत पाहावें.

हें सर्व आमच्या घराघरांतून किती जवळ आलें आहे, याची जाणीव फार थोड्यांस आहे. मुलगा डल्लास किंवा सॅन होजे येथें दहा वर्षें राहिला, तेथें नातू जन्मला, आणि मंडळी आतां पुण्यास परत आलीं, अशीं कुटुंबें कोथरूड-औंधांत पुष्कळ आहेत. नातू जन्मानें अमेरिकन. येथें तो ओसीआय कार्डावर राहतो. तें कार्ड राहण्याची सोय आहे, नागरिकत्व नव्हे. त्याच्या नांवानें आजोबांनीं प्रेमानें म्युच्युअल फंड घेतला, तर अमेरिकेच्या कायद्यांत अमेरिकेबाहेरील अशा फंडांचा एक वेगळाच वर्ग आहे, आणि त्यांच्या नफ्याची आकारणी साध्या बचत करणाऱ्यास शिक्षेसारखी वाटावी अशी आहे. नातवंडें सांभाळण्यासाठीं जाऊन ग्रीन कार्ड घेतलेल्या आजी-आजोबांचेंही तसेंच. येथें येऊन राहिल्यानें तीं सहसा सुटत नाहींत; कार्ड रीतसर परत केलें पाहिजे. दोन देशांच्या करारांत एक वाट आहे खरी, पण तीही न मागतां मिळत नाहीं.

अमेरिकेंतील जाणत्या लोकांसही हा नियम बोचूं लागला आहे. २०२४ च्या डिसेंबरांत वास्तव्यावर आधारलेल्या कराचें एक विधेयक तेथील प्रतिनिधिसभेंत मांडण्यांत आलें. त्याच्या भरंवशावर कोणीं स्वस्थ बसावें असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु ‘मग नातवाचें तें नागरिकत्व टाकूनच द्या’ असें जे चटकन् म्हणतात, त्यांनीं दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. आईबापांना अज्ञान मुलाच्या वतीनें तें सोडतां येत नाहीं. शपथ ज्याची त्यानेंच, समजत्या वयांत, घ्यावी लागते. आणि भारताचें नागरिकत्व हातीं नसतां त्यानें ती घेतली तर तो कोणत्याच देशाचा राहणार नाहीं. म्हणून भारतीय नागरिकत्वाची नोंदणी पक्की करून मगच शपथ, हा क्रम चुकतां कामा नये. आईबाप भारतीय नागरिकच राहिले असतील तर अज्ञान मुलाच्या नोंदणीचा अर्ज करतां येतो. नाहीं तर तो वयांत आल्यावर, पांच वर्षें ओसीआय व लगतचें एक वर्ष येथील वास्तव्य या अटींवर, त्याचा त्यास करतां येतो. कोणता देश निवडावा हें त्याचें त्यानें ठरवावें. तोंवर आजीनें स्वतःच्या खात्यावर त्याचें नांव चढवूं नये. आणि आई भारतीय नागरिक असून तिच्याजवळ ग्रीन कार्ड नसेल, तर मुंजींत द्यावयाची रक्कम तिलाच द्यावी.